नॉर्मल रक्ताची नळी

सरांनी माझं रक्त बेसिनमध्ये ओतलं.

मी समोर उभा होतो. त्यांनी नळीचं बूच काढलं, नळी उलटी केली, वरून नळ सोडला. मग साबण घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले. प्रयोगशाळेतले सगळे हातातलं काम थांबवून बघत होते. हात पुसत सर म्हणाले,

"पिढ्यान्‌पिढ्या चुलत-मावस भावंडांची लग्नं लावणारी माणसं तुम्ही. तुझं रक्त नॉर्मल? आणि त्या रक्तानं मी आता जगाचं रक्त मोजू?"

कोणीतरी हसलं. मीही हसलो. हे आधीच सांगून टाकतो. मीही हसलो.

सर अजून आहेत. वाईला असतात. नव्वदी ओलांडली आहे. पुढच्या रविवारी साताऱ्यात त्यांचा सत्कार आहे आणि नव्या तपासणी केंद्राला त्यांचं नाव द्यायचं ठरलंय. समितीतल्या एका तरुण डॉक्टरचा मला फोन आला. "चाचा, गौरवग्रंथासाठी तुमची आठवण हवी. सर रोज सकाळी स्वतःच्या बोटाला सुई टोचून संशोधनासाठी रक्त द्यायचे ना? ती लिहा. ते तुमच्याइतकं जवळून कोणी पाहिलं नाही."

खरं आहे. मी जवळून पाहिलं. तेच लिहितोय.

मी आष्ट्याचा. मणेराचा मुलगा. अब्बा दारोदार बांगड्या भरायचे. लग्नघरी चुडा भरायला त्यांनाच बोलावणं यायचं. काच न फोडता, बाईला कळ न लागू देता बांगडी चढवायची कला त्यांच्या बोटांत होती. मी शिकलो, विज्ञानात पदवी घेतली, पुढची घेतली आणि साताऱ्याच्या त्या प्रयोगशाळेत लागलो. पहिल्याच दिवशी सरांनी वडिलांचा धंदा विचारला. सांगितल्यावर म्हणाले, "मग हात हलका असेल. रक्त काढायला बरा." पुढे कधी वाद घातला, कधी आवाज चढला, की सगळ्यांसमोर म्हणायचे, "जा, बांगड्या भर जा." मला ते लागायचं. पण मोठा माणूस, असं मी स्वतःला समजवायचो. मोठी माणसं बोलतात.

आमचं काम आनुवंशिक रक्तविकारांचं. मुख्यतः थॅलेसेमिया. त्याचा वाहक स्वतः आजारी नसतो. तो ऊस तोडतो, पलटणीत भरती होतो, नातवंडं खेळवतो. पण वाहकाचं लग्न वाहकाशी झालं तर मूल असं जन्मू शकतं की त्याच्या अंगात रक्त टिकत नाही, जन्मभर दुसऱ्याचं चढवावं लागतं. म्हणून लग्नाआधी दोघांचं रक्त तपासायचं. आम्ही गावोगाव शिबिरं घ्यायचो ती यासाठी.

पहिली चाचणी साधी. पातळ मिठाच्या पाण्यात रक्ताचा थेंब टाकायचा आणि नळीमागे काळी रेघ मारलेला कागद धरायचा. नॉर्मल माणसाच्या पेशी त्या पाण्यात फुटतात, पाणी नितळ लाल होतं, पलीकडची रेघ दिसते. वाहकाच्या पेशी चिवट. फुटत नाहीत. पाणी गढूळ राहतं, रेघ दिसत नाही. रेघ दिसली तर माणूस सुटला. नाही दिसली तर दुसरी चाचणी, विजेवर चालणारी, पट्टीची. तिच्यात पक्कं कळायचं.

मिठाचं पाणी रोज ताजं करायचं. ते बरोबर झालंय का हे बघायला आधी एका नॉर्मल माणसाचं रक्त त्यात टाकायचं. त्याला कंट्रोल म्हणतात. आमच्याकडे कंट्रोल म्हणजे सर. दुसरं कोणाचं रक्त त्या जागी चालायचं नाही. सकाळी पूजा आटोपून, कपाळावर गंध लावून यायचे, स्वतःच सुई टोचून घ्यायचे.

त्यांच्या नळीत रेघ दिसायची नाही.

"मीठ जास्त झालंय. पाणी घाल."

मी पाणी घालायचो. परत थेंब. परत गढूळ.

"पाणी घाल."

त्यांची रेघ दिसेपर्यंत मी पाणी घालत राहायचो. मग तेच पाणी शिबिरातून आणलेल्या नळ्यांना. इतक्या पातळ पाण्यात कोणाच्याही पेशी फुटतात. वाहकाच्यासुद्धा. गावंच्या गावं रेघ दाखवत सुटत होती.

वाचणाऱ्याला एव्हाना कळलं असेल. आम्हा शिकलेल्या माणसांना कित्येक वर्षं कळलं नाही. कारण शंका घ्यायला जागाच नव्हती. मीठ चुकेल, पाणी चुकेल, तराजू चुकेल. वाईच्या घाटावरच्या त्या घराण्याचं रक्त कसं चुकेल?

दुसरा नियमही सरांचाच. मोहल्ल्यातलं रक्त आलं की पहिली चाचणी करायचीच नाही. सरळ पट्टीवर. "यांच्यात असणारच. वेळ कशाला घालवायचा?" पट्टी खरं बोलायची. त्यामुळे वाहक मोहल्ल्यात सापडायचे, बाकी गावात जवळजवळ नाहीत. सरांचा निबंध निघाला: हा विकार इथं मुख्यतः मुसलमानांत, कारण त्यांच्यातली नात्यातली लग्नं. त्या निबंधावर सरांच्या खाली माझं नाव आहे. माझ्या बहिणींची, माझ्या मावश्यांची बदनामी मी माझ्या सहीनं केली.

नात्यातल्या लग्नाचीही गंमत सांगतो. शिबिरात मी प्रत्येकाला विचारायचो, लग्न नात्यात आहे का. साताऱ्याजवळच्या एका गावी एक निवृत्त सुभेदार मुलीला घेऊन आले. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात त्यांनी एका जवानाचं पोर रक्त चढवून घेताना पाहिलं होतं. तेव्हापासून मनात धरलं होतं की पोरीचं लग्न तपासल्याशिवाय करायचं नाही. मुलीचं नाव शालन.

मी विचारलं, "सुभेदार, मुलगा नात्यातला?"

"न्हाई, न्हाई. नात्यातला कसला? माज्या सख्ख्या भनीचा पोरगा हाय."

"म्हणजे नात्यातलाच की."

"आवं डॉक्टर, तिचं देवक येगळं, आमचं येगळं. ती दिली की दुसऱ्या घरची झाली. मामाची पोरगी करत्यात आमच्यात, हक्कच हाय त्यो. तुमच्यावानी घरातल्या घरात न्हाई."

आजूबाजूचे हसले. सुभेदारांच्या मनात काही नव्हतं, ते साधं बोलले. मी सरांकडे बघितलं. सर म्हणाले, "नाही असं लिही." मी लिहिलं. बहीण आणि भाऊ एकाच आईची लेकरं, त्यांची मुलं एकमेकांशी लग्न करणार, आणि शास्त्राच्या लेखी ते नातं नव्हतं. माझ्या चुलत्याच्या मुलीचं लग्न मात्र नातं होतं, दोष होता, अडाणीपणा होता.

शालनची रेघ दिसली. मुलाची दिसली. त्याचं नाव तानाजी, आष्ट्याकडच्या गावचा. दोघांच्या कागदावर नॉर्मल असा शिक्का पडला. सुभेदारांनी पेढे वाटले. मीही खाल्ला.

त्यानंतर सर कुठल्याशा परिषदेला दिल्लीला गेले. नळ्या खोळंबल्या होत्या. मी स्वतःचं रक्त टाकलं. रेघ दिसली. पहिल्याच थेंबाला, एक थेंब पाणी न घालता. मला वाटलं मीठच कमी पडलं. परत मोजून केलं. परत रेघ. मग ड्रायव्हरचं रक्त घेतलं, दोन सहकाऱ्यांचं घेतलं. सगळ्यांची रेघ स्वच्छ. फ्रिजमध्ये सरांचं आधीचं रक्त होतं. ते पट्टीवर लावलं.

सर वाहक होते.

यात लाजण्यासारखं काही नाही. वाहक असणं म्हणजे डोळे घारे असण्यासारखं आहे. सरांनी तेवढंच म्हटलं असतं, "अरेच्चा, आपलं चुकलं, सगळ्या नळ्या परत तपासू", तर मी त्यांचे पाय धरले असते. जन्मभर धरले असते.

ते आले. मी पट्टी दाखवली, माझी नळी दाखवली. ते बराच वेळ पट्टी उजेडाला धरून बघत राहिले. त्यांना कळलं. मी शपथेवर सांगतो, त्यांना कळलं. चेहरा उतरला होता. मग त्यांनी पट्टी घडी करून खिशात घातली आणि माझी नळी उचलली. पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गंध लावून आले. सुई टोचली. थेंब टाकला. गढूळ.

"पाणी घाल."

मी घातलं. आधी अजाणता घालत होतो, आज जाणून घातलं. माझा प्रबंध त्यांच्या टेबलावर होता, त्यावर त्यांची सही व्हायची होती. आणि भीती होती. मणेराचा मुलगा उठतो आणि घाटावरच्या माणसाच्या रक्तात खोट काढतो, असं गावभर झालं असतं. ही कारणं आहेत. माफी म्हणून सांगत नाही.

पुढं शालन आली.

मुलगी झाली होती. कोमल. वर्षाची व्हायच्या आत पांढरीफटक पडली. सांगलीच्या डॉक्टरांनी थॅलेसेमिया सांगितला आणि आईबापांचं रक्त मागितलं. शालननं दिलं. ती वाहक निघाली. तानाजीनं दिलं नाही. त्याच्या आईनं, म्हणजे शालनच्या सख्ख्या आत्यानं, आमचा शिक्क्याचा कागद पुढं केला. "माजा पोरगा नॉर्मल हाय. साताऱ्याच्या मोठ्या सायबांनी सांगितलंय." आई वाहक, बाप नॉर्मल, तर असं मूल होत नाही. मग हे मूल कोणाचं? सोपा हिशेब. तो हिशेब भावकीनं केला. आमच्या कागदावरून केला.

शालन आणि सुभेदार आमच्याकडे आले. ती पोरीला पदराखाली धरून उभी होती. मी शेजारी नळ्यांचा स्टँड हातात घेऊन उभा.

"सायब, माज्या मालकांचं रगात एकडाव परत तपासा. तुमी सांगिटलं तर ते देतील. एवढंच मागाय आले."

सर खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. "तुझ्या नळीची अदलाबदल तुमच्याच माणसांनी केली असेल. तुझ्या नवऱ्याची तपासणी माझ्यासमोर झाली आहे. रक्त खोटं बोलत नाही, बाई. नवऱ्याचं रक्त कशाला शोधतेस? पोरीचा बाप शोध."

हे शब्द असेच होते. त्यात मी काही घातलेलं नाही, काही काढलेलं नाही. सगळ्यांसमोर. तिच्या बापासमोर.

सुभेदारांचा हात वर गेला. सलाम करायला जातो तसा गेला आणि मध्येच थांबला. ते मुलीला म्हणाले, "चल." इतकंच. दारात शालन वळली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमी तरी बोला की वं."

मी बोललो नाही.

शालन माहेरीच राहिली. तानाजीचं दुसरं लग्न झालं. कोमलला सुभेदार दर काही आठवड्यांनी एसटीनं रक्त चढवायला न्यायचे. ती दहावी झाली आणि त्याच उन्हाळ्यात गेली. त्यानंतर सुभेदार फार दिवस राहिले नाहीत.

मी? मला बढती मिळाली. सर निवृत्त झाल्यावर त्यांच्या खुर्चीवर बसलो. पहिल्या दिवशी मिठाचं पाणी नीट करायला लावलं, कंट्रोलला रोज वेगवेगळ्या लोकांचं रक्त घ्यायला लावलं, मोहल्ला आणि गाव दोघांना एकच नियम लावला. आणि मग बागायतदारांच्या, इनामदारांच्या, लष्करी घराण्यांच्या घराघरांत वाहक सापडू लागले. माझं कौतुक झालं. मी निबंधात लिहिलं की आधीच्या पद्धतीत काही मर्यादा असाव्यात. मर्यादा! एका बाईचा संसार, एका पोरीचा जीव, आणि मी लिहिलं मर्यादा. जुने शिक्के तसेच घराघरांतल्या ट्रंकेत पडून राहिले. त्यांच्या जोरावर लग्नं होत राहिली. मी कोणाला एक पत्र धाडलं नाही.

समितीचा फोन आला त्या दिवशी मी फोन ठेवला आणि एसटी पकडून शालनच्या गावी गेलो. ती अंगणवाडीत होती. केस पांढरे झालेत. मला बघून उठली नाही.

"आलासा? लय लवकर आलासा."

मी सगळं सांगितलं. सरांचं रक्त, पाणी, पट्टी. ती गहू निवडत होती, निवडत राहिली.

"म्हंजी तुमाला तवाच ठावं हुतं."

"होय."

"तुमच्या हातात नळ्या हुत्या. किणकिण वाजत हुत्या. मला वाटलं, ह्यो माणूस आता बोलंल, मग बोलंल. घरला जाईस्तवर वाटत हुतं, मागनं हाक मारंल."

मी माफी मागायला तोंड उघडलं. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"न्हाई, ते नका. ते मला नगं. माज्या आत्याच्या दारात जावा. ती हाय अजून. भावकीला बोलवा आन् मोठ्यांदा सांगा. माजी पोरगी कुनाची हुती ते तिथं सांगा. मग माज्याशी बोला."

मी गेलो. आष्ट्याकडच्या त्या वस्तीवर, भर दुपारी, माणसं जमवून सांगितलं. तानाजी तोंड वळवून जनावरांकडे गेला. आत्या बाजेवर बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "इतकी वर्सं तुजं तोंड शिवलं हुतं व्हय रं?" मग स्वतःशीच, "माज्या भावाची पोरगी. मी तिला कुकू न लावता दारातनं काढली."

तानाजीला मी गोठ्यात गाठलं. म्हणाला, "आता काय उपेग, डॉक्टर? पोरगी मेली, मामा मेला."

"तुझ्या थोरल्याचं लग्न कुठं ठरतंय?"

त्यानं सांगितलं. मुलाचं त्याच्या मामाच्या, म्हणजे तानाजीच्या मेव्हण्याच्या, मुलीशी ठरत होतं. मुलीचं गावही आमच्या शिबिरातलं. घरात तोच शिक्का.

बापलेकांना मी सांगलीला नेलं. मीच शीर धरली, मीच सुई घातली. दोघेही वाहक. मुलीची तपासणी होईपर्यंत सुपारी थांबवली आहे. तानाजीनं आपला कागद माझ्या हातातून घेतला, शालनच्या गावी गेला आणि तिच्या दारात ठेवून आला. ती बाहेर आली नाही. यायचं काही कारणही नव्हतं.

मग मी समितीच्या डॉक्टरला फोन केला आणि काय लिहितोय ते सांगितलं. तो घाबरला. "चाचा, त्यांचं वय बघा. आता कशाला?"

"वय बघूनच. उशीर झाला तर ते सुटतील."

"पण एखाद्याच्या रक्ताची गोष्ट अशी चारचौघांत सांगणं बरं नाही."

बरं नाहीच. शालनच्या रक्ताची गोष्ट चारचौघांत सांगितली तेव्हाही बरं नव्हतं. माझ्या जातीच्या, माझ्या आईबहिणींच्या रक्ताची गोष्ट जगभर छापली तेव्हाही नव्हतं. तेव्हा कोणी कोणाचं वय बघितलं नाही. सर वाहक आहेत म्हणून माझा राग नाही. त्यांनी ती पट्टी खिशात घातली म्हणून आहे. आणि ती खिशात जाताना मी बघितली म्हणून माझ्यावरही आहे. माझ्या वाट्याची शिक्षा मी घेईन. पदव्या परत मागा, पेन्शन बंद करा, नाव काढा. मी कुठं पळत नाही. पण त्यांच्या वाट्याची मी घेणार नाही. ती त्यांनीच घ्यायची, जागेपणी, शुद्धीत, हार घालायला आलेल्या माणसांसमोर.

ज्यांच्या घरात आमच्या प्रयोगशाळेचा नॉर्मल असा शिक्का असलेला कागद आहे, त्यांनी तो फाडावा. मुलांचं, नातवंडांचं रक्त पुन्हा तपासावं. मामाच्या मुलीशी लग्न हे नात्यातलंच लग्न आहे, हे मान्य करून तपासावं. गावोगाव जाऊन हे मी सांगणार आहे, पाय चालताहेत तोवर. आणि केंद्रावर सरांचं नाव लागू देणार नाही. लावलं तर दारात बसेन आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला हीच आठवण सांगेन.

रविवारी मी साताऱ्याला येतोय. मी भावकीत सांगून आलो हे कळल्यावर शालनबाईंनी निरोप धाडला, 'मीबी येते'; त्या बरोबर आहेत. आधी त्या बोलतील, मग मी. माइक बंद केलात तर माइकशिवाय बोलू. सर पहिल्या रांगेत असणार आहेत, आणि त्यांना अजून उत्तम ऐकू येतं, याची मी खात्री करून घेतली आहे.